तासांचा रकाना

होडी फुकट मिळाली, असं प्रेबेन सगळ्यांना सांगतो.
फुकट नव्हे. एक क्रोन.
मॉर्स बेटावरच्या त्या विधवेनं नाणं मुठीत घेतलं,
कागदावर सही केली,
आणि आमची गाडी वळायच्या आत
फाटकाला कडी घातली.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चाळीस वर्षं मी बचत बँकेच्या खिडकीत बसले.
लोक कशाकशाला फुकट म्हणतात, मला ठाऊक आहे.

सव्वीस फुटी. सन चौऱ्याहत्तरची. फायबरची.
लाकडी होडी निदान मरते.
कुजते, गवतात बसते,
पोरं तिच्या फळ्या शेकोटीला नेतात.
हिला मरण नाही.
मोडीत काढायची तर कापणारा बारा हजार मागतो,
म्हणून लिमफ्योर्डच्या काठाकाठानं
या अमर म्हाताऱ्या टेकूंवर उभ्या असतात,
कुणीतरी भाबडा येईल म्हणून.

आला.

नोव्हेंबरात शेडमध्ये घेतली.
तळाचा पहिला फोड टोचला तसं
आतलं पाणी त्याच्या मनगटावरून ओघळलं,
व्हिनेगरसारखा वास.
फोडांभोवती तो खडूनं गोल काढत गेला,
दोनशे बारापर्यंत मोजले,
मग खडूच संपला म्हणाला.
संपला नव्हता. खिशात होता.

त्या रात्री मी वही घातली.

रेझिन, नऊ हजार चारशे.
इंजिन जुनंच, तरी अठरा.
शिडाच्या तारा विकणारा पेडर आमचा लांबचा भाचा,
त्यानं चौदा हजार दोनशे लावले
आणि वर केकही खाल्ला.
शेडचं भाडं. पॉलिशपेपर, तो तर माणूस खातो की काय!
किरकोळ. पुन्हा किरकोळ.
कोंबडी एका क्रोनची,
मसाला त्रेपन्न हजारांचा.

यात माझं धुणं धरलेलं नाही.
काचेचा तो भुगा डोळ्याला दिसत नाही,
पण त्याचे कपडे वेगळे धुतले तरी
माझा रात्रीचा गाऊन जानेवारीपासून टोचतो.
पावाला रेझिनचा वास यायचा.
प्रेबेनला नाही. त्याचं नाक त्याआधीच
सिमेंटच्या कारखान्यानं ठेवून घेतलं होतं.

डेकवर तो लहान हातोडी घेऊन रांगायचा,
एक एक वीत ठोकत, कान लावून.
टण्ण म्हणजे घट्ट.
थप्प म्हणजे आत ओल शिरली, उघडा.
मी डबा घेऊन दारात उभी राहायचे.
थप्प आलं की त्याचा चेहरा उजळायचा.
असला धंदेवाईक मी खिडकीतून कधी पाहिला नाही.

मे महिन्यात ऑल्बोर्गहून दोघं आली, पंचविशीची,
ओल मोजायचं यंत्र उसनं आणलेलं.
मुलीनं केबिनमध्ये जाऊन फक्त खिडकी उघडली, मिटली,
पुन्हा उघडली.
तेवढ्यावर प्रेबेन साठाचे पंचेचाळीस झाला.
मी टेबलाखालून पाय मारला, तो लागला टेबलालाच.

आठ हजारांची खोट. व्यवहार आतबट्ट्याचा.
विचाराल तर स्वच्छ सांगते: करू नका.
पण वहीत एक रकाना मी कोरा सोडला होता,
त्याला विचारून भरला असता तर भांडण झालं असतं.
न विचारता भरला, पेन्सिलीनं.
सहाशे अकरा तास.
आठ हजारांना भागलं:
ताशी तेरा क्रोन त्यानं दिले,
कुठेतरी उपयोगी असण्याचे.
बंदरावरच्या टपरीत तेवढ्यात अर्धी कॉफीही येत नाही.

रकाना मी खोडून टाकला.
बँकेत असताना असं कधी केलं नसतं.

आता शेड रिकामी आहे.
तो स्वयंपाकघरात बसतो, बोटाच्या पेरानं
टेबल ठोकतो, दाराची चौकट, ब्रेडचा डबा.
काल रात्री दिवा मालवल्यावर
माझ्या खांद्यावर हलकेच दोनदा टकटक केलं
आणि गप्प राहिला, ऐकत.

काय ऐकू आलं, ते मी विचारलं नाही.
गाऊन टोचत होता.